पाऊणकीचा रस्ता

गंगारामशेटांच्या ‘लाटांगण’ संकुलाचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो नावाचा. जिथून समुद्र दिसतसुद्धा नाही, तिथं अंगणात लाटा कुठून येणार? “तुला नावाशी काय करायचंय? गाड्या मोज,” विनीत म्हणाला. विनीत माझा भागीदार, मूळचा कोल्हापूरचा. रस्ता दिसला की तो रुंदी विचारतो. मला मात्र त्यावरून कोण कुठं चाललंय आणि का, हे विचारावंसं वाटतं. नसत्या चौकशांची ही खोड जन्माची आहे. आई म्हणते, बरं झालं त्यावर पोट भरता आलं, नाहीतर लोकांनी मार दिला असता.

काम सांगायला सोपं आहे. संकुलात खाली दुकानं आणि एक मोठं सुपरमार्केट, मधल्या दोन मजल्यांवर दवाखाने आणि ऑफिसं, वर बहात्तर फ्लॅट. हे सगळं उभं राहिलं की रस्त्यावर किती गाड्या वाढतील आणि रस्त्याला ते झेपेल का, याचा अंदाज आम्ही द्यायचा. लोकांना वाटतं, अंदाज म्हणजे अंधारात गोळी. तसं नसतं. आधी आहे ती वाहतूक मोजायची, मग वाढणारी मिळवायची. पहिली पायरी चुकली की पुढचं सगळं मुसळ केरात.

रस्ता म्हणजे बंदरातून वर मोठ्या रस्त्याला मिळणारा चढ. एका अंगाला कातळाची उभी भिंत, तिच्यावर शेटांचा प्लॉट, आणि त्याचं फाटक ह्याच चढावर निघणार होतं. दुसऱ्या अंगाला घरं, आणि त्यातलं सगळ्यात पुढचं माझ्या आत्याचं. कमळाआत्या माझ्या बाबांची थोरली बहीण. बाबा मालवाहू जहाजावर नोकरीला होते, म्हणून आम्ही वर शहरात, नाचणे भागातल्या फ्लॅटमध्ये वाढलो. आत्या मात्र खालीच राहिली. बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, घरापुढच्या खळ्यात सुकवायची आणि पालीच्या बाजारात नेऊन विकायची, यावर तिने दोन मुलांची शिक्षणं केली. खळं म्हणजे अंगणच, पण आमच्याकडे अंगण म्हटलं तर तुळस आठवते आणि खळं म्हटलं तर सुकत घातलेला जवळा, ती बारीक कोळंबी.

आता गोम अशी, की आमच्या अहवालात रस्ता अपुरा ठरला तर तो रुंद करावा लागणार. कातळ फोडणं कोणाला परवडत नाही. म्हणजे रुंदी आत्याच्या बाजूनेच घेणार, आणि तिचं अख्खं खळं रस्त्यात जाणार. खळं गेलं की धंदा गेला. मी विनीतला हे पहिल्याच दिवशी सांगितलं.

“मग तू हे काम करू नकोस की,” तो म्हणाला.

“रत्नागिरीत नातेवाईक सोडून कामं करायची म्हटली तर ऑफिसला कुलूप लावावं लागेल.”

ते त्याला पटलं. कारण एव्हाना त्याने माझ्याच मावसबहिणीशी लग्न केलेलं होतं.

आम्ही एका मंगळवारी कोपऱ्यावरच्या खांबाला कॅमेरा लावला. सोमवारी कचेऱ्यांना धावपळ असते, शुक्रवारी लोक आधीच सुटतात, म्हणून मंगळवार हा कसा सरळ, साधा वार, असं आम्हाला शिकवलेलं. चित्रीकरण बघितलं तर सकाळी साडेसातपासून रस्ता खचाखच. टेम्पो, तीनचाकी, टोपल्या घेतलेल्या बायकांच्या रिक्षा, बर्फाच्या गाड्या, आणि त्यांच्या मधून पिशवी अडकवलेल्या स्कूटर. विनीतने ‘गर्दीचा तास : सकाळी’ असं लिहून टाकलं.

पडताळणीसाठी पुढच्या मंगळवारी पुन्हा मोजलं. सकाळी साडेसातला रस्त्यावर एक कुत्रं आणि दूधवाला. गर्दी झाली ती दुपारी दीडनंतर, आणि तीही तेवढीच.

“कॅमेऱ्याचं घड्याळ बिघडलंय,” विनीत म्हणाला.

“सावल्या बघ. ऊन दुपारचंच आहे.”

“मग कुणाचं तरी लगीन असणार.”

“लग्नाला बर्फाच्या गाड्या?”

त्याने हात जोडले. मला मात्र आता चैन पडेना. शाळा बघितली, तिची वेळ बदललेली नव्हती. एसटीचं वेळापत्रक बघितलं. गुरुवारी पुन्हा कॅमेरा लावला, तर गर्दी तीन वाजता. आता मला मजाच वाटू लागली. सकाळी उठल्यावर नवऱ्याच्या आधी त्या रस्त्याची आठवण यायची. हा रस्ता घड्याळ पाळत नव्हता, पण काहीतरी पाळत होता. मंगळवारी दीड, गुरुवारी तीन. दोन दिवसांत दीड तास. म्हणजे दिवसाला पाऊण तास.

पाऊण!

मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, आणि तो चांगला जोरात लागला. लहानपणी बाबा सुट्टीवर आले की आम्हाला पाऊणकी म्हणायला बसवायचे. बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. शाळेत कोणी विचारत नव्हतं, तरी पाठ करावी लागायची, कारण बाबांच्या मते दर्यावर्दीच्या मुलीला भरती काढता आली नाही तर शोभा होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, दशमीला साडेसात. मी दिनदर्शिका काढून बघितली. पहिला मंगळवार दशमीचा, दुसरा द्वितीयेचा, गुरुवार चतुर्थीचा. आम्ही दोघं शहाणे वार बघत बसलो होतो आणि रस्ता तिथीवर चालला होता.

खाडीच्या मुखाशी गाळ भरलाय, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ओहोटीला मोठ्या होड्या आत येत नाहीत, बाहेर नांगर टाकून भरतीची वाट बघतात. पाणी चढलं की सगळ्या एकदम आत येतात आणि मग लिलाव, बर्फ, टेम्पो, सगळं एकदमच. हे मला माहीत होतं आणि पाऊणकीही येत होती. पण एक डोक्यात बंदराच्या कप्प्यात होतं आणि दुसरं बाबांच्या, आणि रस्ता मोजताना मी फक्त कॉलेजचा कप्पा उघडला होता.

विनीतला सांगितलं तर तो आधी हसला. मग बोटांवर तिथी मोजून म्हणाला, “म्हणजे द्वादशी-त्रयोदशीला गर्दी नऊ-दहाला येणार. ऑफिसं भरायच्या वेळेला.”

“हो. आणि सप्तमी-अष्टमीला ऑफिसं सुटायच्या वेळेला.”

आम्ही पूर्ण पंधरवडा मोजायचा ठरवलं. द्वादशीला मी स्वतः जाऊन उभी राहिले. नऊ वाजता खालून टेम्पो आणि वरून शाळेच्या बस एकमेकांसमोर आल्या. ड्रायव्हरांनी एकमेकांच्या आयाबहिणींची चौकशी केली, आणि मी भान विसरून टाळी वाजवली. एका रिक्षावाल्याने मला वेड्यात काढलं असणार.

मग सगळे आकडे संगणकात घातले, नियमाप्रमाणे ‘सरासरी दिवस’ काढला, आणि पडद्यावर जे आलं ते बघून आम्ही दोघं थक्क. गर्दी नाहीच! रोजची गर्दी वेगळ्या तासाला, त्यामुळे पंधरा दिवसांत वाटली जाऊन ती विरघळून गेली. डोंगर नाही, टेकडी नाही, सगळा कातळमाळासारखा सपाट सडा. ह्या आलेखाप्रमाणे त्या रस्त्यावर कोणी कधीच अडकत नव्हतं. लाटांगण काय, अशी दोन संकुलं मावली असती.

विनीत खुर्चीत मागे रेलला. “नियमात सरासरीच लिहिलंय. दिली तर कोण चूक म्हणणार नाही. शेट खूश. आणि तुझ्या आत्याचं खळं पण राहतंय.”

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. चांगले दोन दिवस झाला. आत्याकडे जाऊन तिच्या हातची बांगड्याची आमटी खाल्ली आणि मनात म्हटलं, ही सरासरी म्हणजे देवाचीच योजना. पण चौकशीची खोड मेली स्वस्थ बसू देते होय! तिसऱ्या दिवशी मी वाढीव गाड्यांचा हिशोब करायला घेतला आणि पुन्हा अडकले.

अशा मिश्र संकुलांसाठी एक सूट असते. वर राहणारा माणूस खालच्या दुकानात उतरतो, त्याची गाडी रस्त्यावर येत नाही, म्हणून तेवढ्या गाड्या वजा करायच्या. शेटांच्या सुपरमार्केटात मासळीचा मोठा विभाग होता, काचेच्या कपाटात गोठवलेली सुरमई. आता रत्नागिरीचा माणूस, खाली बंदर असताना, कल्ला उघडून लाल आहे का न बघता मासा विकत घेईल? त्यापेक्षा तो शाकाहारी होईल. ‘होड्या लागल्या’ असा फोनवर निरोप आला की बहात्तर घरांतून बहात्तर पिशव्या बाहेर पडणार, आणि त्याही नेमक्या भरतीलाच. वजा करायचं राहिलं बाजूला, इथं मिळवायचं होतं.

मी आलेख घेऊन शेटांकडे गेले. गंगारामशेट साधा माणूस, पोट पुढे, बोलणं गोड. त्यांना सरासरीची कुणकुण लागलेली होती.

“योगिनीबाय, सगळं व्यवस्थित हाय असं ऐकलं.”

“शेट, एक विचारू? तुम्ही मासे कुठून घेता?”

“म्हणजे काय? बंदरावरून.”

“केव्हा?”

“होड्या लागल्या की. नंतर काय उरतं? काटे!”

“कसे जाता?”

“गाडी काढतो.” एवढं बोलून ते थांबले. मग माझ्याकडे, मग आलेखाकडे, मग भिंतीवरच्या संकुलाच्या रंगीत चित्राकडे त्यांनी बघितलं. चित्रात वरच्या गच्च्यांमध्ये माणसं चहा पीत होती. “सगळेच काढतील काय गो?”

“तुम्ही घर घेतलंत तर तुम्ही नाही काढणार?”

शेट मोठ्याने हसले. मी जिंकले असं मला वाटलं, आणि तिथंच माझी फसगत झाली. हसू पुसत ते म्हणाले, “खरं हाय तुझं. लपवलं तर मलाच उद्या शिव्या बसणार. मग रस्ता रुंद करू. कमळाचं खळं घेतलं की झालं. तुझीच आत्या, तू समजाव.”

मी म्हटलं, प्लॉटला वर सड्याकडचा मोठा रस्ता लागून आहे, फाटक तिकडे करा. खाली उतरायला जुनी पाखाडी आहे, तिच्या पायऱ्या नीट बांधा, लोक पिशवी घेऊन चालत जातील. शेटांनी मान हलवली. वर फाटक म्हणजे तिथली सहा दुकानं गेली. त्यापेक्षा खळं सोपं. मी खरं बोलून आत्याच्या गळ्याला फास लावला होता. इतका राग आला, आणि तो कोणावर काढावा तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी भरतीच्याच वेळेला आत्याकडे गेले. ती खळ्यात फाटक्या जाळ्यावर जवळा पसरत होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, हात मात्र चालूच होते.

“मंजे तू मोजलंस म्हनून माजं खळं जातंय.”

“हो.”

“आनि खोटं लिवलं असतंस तर ऱ्हायलं असतं.”

“हो, आत्या.”

“मंग कशाला गो मोजलंस?” ती ओरडली. “तुला कोनी बोलवलं होतं? तुजा बाप जल्मभर दर्यावर ऱ्हायला, त्यानं कदी रस्ते मोजायची हौस केली नाय. तू मोजनार, आनि मी पालीला काय घिऊन जाव? तुजा आलेख?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं तोच भोंगा वाजला. खालून माशांनी भरलेला टेम्पो चढत होता, वरून बर्फाची गाडी उतरत होती. टेम्पोवाला संदेश, शेजारच्या विमलाकाकूंचा मुलगा. त्याने न विचारता, न थांबता, टेम्पो सरळ आत्याच्या खळ्यात घातला. आत्याने माझ्याशी भांडतानाच वाकून जाळ्याचं एक टोक धरलं, जवळा सरसर बाजूला ओढला, “मेल्या, डोळे फुटले काय!” असं म्हणाली, आणि पुन्हा माझ्याकडे वळली. बर्फाची गाडी निघून गेली. संदेश मागे आला, बाहेर पडला. आत्याने जाळं होतं तिथं ओढलं. लगेच एक रिक्षा आत शिरली.

“आत्या, हे रोज असंच?”

“काय?”

“हे. गाड्या आत येतात ते.”

“मंग कुठं जातील? माज्या डोक्यावरून?”

मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले आणि बघत राहिले. रडू कुठच्या कुठे पळालं. रस्ता अरुंद असूनही इतकी वर्षं चालत कसा होता, हे कोडं मला पडायला हवं होतं आणि पडलंच नव्हतं. समोरासमोर गाड्या आल्या की एक खळ्यात शिरायची, दुसरी निघून जायची. द्वादशीला शाळेच्या बसपायी तुंबलं, तेव्हा शेवटी सुटलं तेही असंच असणार. मी टाळ्या वाजवत चढाच्या वरच्या टोकाला उभी होते, खाली कोण बघतो! खळं घेऊन डांबर टाकलं तर तिथं दुसऱ्याच दिवशी कोणीतरी गाडी उभी करून चहाला जाईल, आणि मग मागे सरायला जागाच उरणार नाही. रुंद रस्ता आजच्यापेक्षा जास्त तुंबेल. आज ती जागा मोकळी राहते, कारण तिथं आत्या आहे आणि आत्याला तोंड आहे.

विनीतला बोलावलं. तो संध्याकाळपर्यंत बघत उभा राहिला आणि एकच वाक्य बोलला, “हे लई भारी हाय.” त्याने हे गणितात बसवलंसुद्धा. आम्ही अहवाल दिला : गर्दी भरतीप्रमाणे धरावी, सरासरी काढू नये, फाटक वर सड्याकडच्या रस्त्याला करावं, पाखाडी दुरुस्त करावी, खळ्याला हात लावू नये.

मंजुरी देणारे साहेब वयाने लहान आणि वाचणारे निघाले. भरतीचा भाग त्यांना फार आवडला, दोनदा समजून घेतला. शेटांनी वरच्या फाटकावर कुरकुर केली, पण आपण गाडी काढतो हे ते स्वतःच बोलून बसले होते. फाटक वर जाणार हे ठरलं. मग साहेबांनी खळ्यावर बोट ठेवलं.

“रस्ता जर या खळ्यावर अवलंबून असेल, तर मालकिणीची लेखी परवानगी हवी. भरतीच्या वेळी वाहनं आत घ्यायला हरकत नाही, एवढंच. उद्या त्यांनी कुंपण घातलं तर? परवानगी नसेल तर मला ती जागा रस्त्यात घ्यावी लागेल.”

मला हे काही अवघड वाटलं नाही. एक सही! मी उड्या मारत कागद घेऊन आत्याकडे गेले. ती पालीहून नुकती आली होती, रिकाम्या टोपल्या उलट्या करून ठेवत होती. मी कागद वाचून दाखवला. खळं राहतंय म्हटल्यावर ती हसेल असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा उतरत गेला.

“परवानगी मंजे?”

“गाड्या आत येतात ना, त्याला तुझी हरकत नाही असं लिहून द्यायचं.”

“आनि उद्या माजा जवळा सुकायचा असला, येकादा टेम्पो नको झाला, तर?”

“तर… लिहून दिलंय म्हटल्यावर नाही म्हणता येणार नाही.”

तिने कागद माझ्या हातात परत दिला. रागाने नव्हे. राग असता तर बरं झालं असतं.

“आजवर कोनी मागली नाय, म्हनून देत व्हते,” ती म्हणाली आणि आत गेली.

मी पायरीवर बसून राहिले. पंधरवडाभर मी त्या रस्त्यावरची चाकं मोजली, पण हे मोजायचं माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. साहेबांकडे परत गेले आणि सांगितलं, सही मिळणार नाही. मग त्यांच्यासमोरच अहवालात एक वाक्य घातलं : खळं खाजगी आहे, तिथं वाहनं येतात ती मालकिणीच्या मर्जीने, आणि ही मर्जी मोडेल असं काहीही केल्यास रस्ता बंद पडेल. साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली. “मर्जी हा शब्द मी अहवालात पहिल्यांदाच वाचतोय,” ते म्हणाले, आणि त्यांनी खाली मंजुरीचा शेरा मारला. खळं राहिलं.

बातमी आळीत माझ्या आधी पोचली. संदेशने ती तिखटमीठ लावून सांगितली असणार, की सरकारदरबारी लिहिलंय, कमळाआत्याच्या मर्जीशिवाय रस्ता चालत नाही. मी पुढच्या आठवड्यात पेढे घेऊन गेले, तेव्हा भरती होती. संदेशचा टेम्पो खळ्याच्या कडेला येऊन थांबला, आणि तो काचेतून डोकं काढून म्हणाला, “आत्या, घेऊ काय आत?”

आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती. “घे,” ती म्हणाली. मग जाळं ओढलं. शिवी दिली नाही. मागची रिक्षाही थांबली, तीही विचारून आत आली. सगळं रीतसर चाललं होतं, आणि त्यामुळे जरा हळूही. मला आनंद व्हायला हवा होता.

मी स्कूटर नेहमीसारखी खळ्यात घातली आणि स्टँडवर लावू लागले. आत्या नुसती बघत होती. मी स्कूटर स्टँडवरून काढली आणि मागे रस्त्यावर नेली.

“आत्या, लावू का आत?”

मला वाटलं ती हसेल, म्हणेल, चल मेले, तुला कसली परवानगी. तिने आधी स्कूटरकडे बघितलं, मग पसरलेल्या जवळ्याकडे.

“लाव,” ती म्हणाली. “पन कडेला.”